बारा बिळांचं सार्वभौम टेकाड

एका जंगलात, मुलांनो, एक टेकाड होतं. ते नेमकं कुणाच्या राज्यात येतं, हे टेकाडावर कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही म्हणून कुणाचं काही अडतही नव्हतं. आता, जे अडत नाही ते अडवायचं तर कुणीतरी लांब जाऊन शिकून यावं लागतं. तसा एक जण आला, म्हणून ही गोष्ट झाली.

टेकाडाभोवती गोल फिरत गेलेली बारा बिळं होती, आणि बारा घरं. साळिंदर, घोरपड, मुंगूस, ससे, खवल्या मांजर, असे सगळे मिळून राहायचे. बिळं काही सारखी नव्हती. ओढ्याकडचं बीळ बारा महिने ओलं. भिंतीला पाठ टेकली की पाठ भिजायची. त्याच्या पुढचं बीळ चिंचेखालचं. ते कोरडं, ऐसपैस, आणि हिवाळ्यात सकाळपासून दुपारपर्यंत दारात ऊन. बाकीची दहा बिळं अशीतशी.

मग उन्हाचं बीळ कुणाला? तर सगळ्यांना. पावसाळा सरून पहिलं दव पडलं, की त्या दिवशी प्रत्येक घर एकेक बीळ पुढे सरकायचं. आपलं बीळ झाडून मागच्याला द्यायचं आणि पुढच्याने झाडून ठेवलेल्या बिळात शिरायचं. याला ते 'सरकण' म्हणत. बारा वर्षांत एकदा ओल वाट्याला यायची आणि तिच्या पाठोपाठ ऊन. त्यामुळे टेकाडावर कुणी बिळाला 'माझं' म्हणत नसे. 'यंदाचं' म्हणत.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी ओढ्याकडचं बीळ साळूवहिनीकडे होतं. साळूवहिनी म्हणजे वयस्क साळिंदरीण. तिचे गुडघे धरले होते आणि रात्रंदिवस खोकला होता. पण ती कुरकुरत नव्हती. पावसाळा संपतच आला होता. पुढचं बीळ उन्हाचं होतं.

नेमका तेव्हाच तिचा मुलगा शिकून परत आला.

त्याचं घरातलं नाव काट्या. तो सात डोंगरांपलीकडे, समुद्राकाठच्या विद्यारण्यात शिकायला गेला होता. तिथे एक म्हातारं कासव 'हद्द आणि सार्वभौमत्व' हा विषय शिकवायचं. काट्या त्यात पहिला आला. आता तो स्वतःचं नाव 'शल्यक', म्हणजे साळिंदरच पण संस्कृतात, असं लिहायचा आणि बोलताना मधेच थांबून क्षितिजाकडे बघायचा. टेकाडावरून क्षितिज दिसत नाही. चिंच आडवी येते. तरी तो बघायचा.

आल्या आल्या त्याने सगळ्यांना चिंचेखाली जमवलं आणि एक ताडपत्र उलगडलं.

"विद्यारण्याच्या ग्रंथालयात मला हा नकाशा सापडला," तो म्हणाला. "हे बघा. हे आपलं टेकाड. आणि हा पिवळा रंग कुणाचा, माहीत आहे? वाघाचा! आपलं सामिलीकरण झालेलं आहे!"

"अगं बाई," घोरपडमावशी म्हणाली. "कधी?"

"तीस वर्षांपूर्वी."

"मग आता काय त्याचं," म्हणून मावशी पुन्हा डोळे मिटून बसली.

खवलेतात्या मात्र चुळबुळले. ते टेकाडावरचे सगळ्यांत जुने, खवल्या मांजर. त्यांच्या अंगावरचे खवले वयाने पिवळे पडले होते.

"तात्या, तुम्ही तेव्हा होतात. खरं सांगा, काय झालं?" काट्याने विचारलं.

"वाघ आला होता."

"मग?"

"इथेच चिंचेखाली झोपला. पोटभर खाऊन आला होता, तिन्हीसांजेपर्यंत घोरला. उठला, जांभई दिली आणि म्हणाला, 'झोप छान लागते इथे. ही जागा आमच्या राज्यात घेतली तर कुणाची हरकत आहे का?'"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी कसला म्हणतोय! मी गुंडाळी होऊन पडलो होतो."

ससे खिदळले. तात्या रागावले. "हसू नका रे! आमच्यात भीती वाटली की तसंच करतात. त्याच्यासोबत एक कोल्हा होता. तो मला दोनदा पायाने ढोसून म्हणाला, 'हरकत नाही असं दिसतंय, महाराज.' आणि त्याने तसं लिहून घेतलं."

काट्या उभाच राहिला. "म्हणजे सगळं सामिलीकरण एका गुंडाळीवर उभं आहे! तात्या, भीतीपोटी झालेली गुंडाळी ही संमती नव्हे! कायद्याच्या नजरेत आपण तीस वर्षं स्वतंत्रच आहोत!"

"तसे आम्ही होतोच," बापू म्हणाले. बापू म्हणजे मुंगूस, त्या वर्षीचे उन्हाचे मानकरी. "काट्या, तो वाघ त्यानंतर कधी आला का रे?"

"नाही."

"काही मागितलं?"

"नाही."

"मग आपलं बिघडलं काय?"

"बापू, गुलामगिरी डोळ्यांना दिसत नसते!"

"दिसत नाही, दुखत नाही. मग ती आहे हे कळायचं कसं?"

"त्यासाठीच तर शिकावं लागतं," काट्या म्हणाला. हे तो अगदी मनापासून म्हणाला, मुलांनो. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते त्याला बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्याने पाठीवरचा एक काटा उपटला आणि पळसाच्या पानांवर वाघाच्या दरबाराला हरकतपत्र लिहिलं. एकूण एक्केचाळीस पानं झाली. कावळ्याला ती दोन खेपांत न्यावी लागली.

आठ दिवसांनी दरबारातून कोल्हे भाऊसाहेब आले. हे त्या जुन्या कोल्ह्याचे नातू. दप्तर खाली ठेवून त्यांनी घाम पुसला.

"कुठलं टेकाड म्हणालात?"

"हेच!"

"आमच्याकडे नोंद सापडत नाही हो. मधे पूर आला होता, त्यात जुनं दप्तर वाहून गेलं. तीन दिवस शोधतोय. शेवटी महाराजांनाच विचारलं. महाराज म्हणाले, आठवत नाही."

मुलांनो, तुम्ही-आम्ही असतो तर भाऊसाहेबांना पाणी देऊन वाटेला लावलं असतं. बापूंनी पाण्याची करवंटी पुढे केलीसुद्धा. पण काट्याच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले.

"आठवत नाही? एका भूमीचं सार्वभौमत्व हिरावून घ्यायचं, आणि आठवतही नाही?" तो बिळात धावला आणि ताडपत्रांचा गठ्ठा घेऊन आला. "ही नकाशाची नक्कल. ही जाहीरनाम्याची. मी स्वतः उतरवून आणली आहे. शिक्का कुठे होता तेही खूण करून दाखवलंय."

भाऊसाहेबांनी पानं चाळली. त्यांचा चेहरा खुलत गेला. "वा! इतकं नीट लावलेलं दप्तर आमच्या दरबारात नाही. हे ठेवून घेऊ?"

"ठेवा. माझ्याकडे आणखी दोन प्रती आहेत."

बापूंनी करवंटीतलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

आता नोंद सापडली म्हटल्यावर भाऊसाहेबांना चौकशी करणं भाग होतं. त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली.

"मावशी, हे बीळ कुणाचं?"

"माझं. यंदाचं."

"आणि गेल्या वर्षी?"

"साळूवहिनींकडे होतं."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आम्ही ओढ्याकडे जाणार. साळूवहिनींच्या मागे आमचाच नंबर."

बाराही घरी तेच. भाऊसाहेबांनी काटेकोरपणे लिहून घेतलं आणि मान हलवली. "शल्यकराव, तुमचा मुद्दा चांगला होता. पण इथे एकाही बिळाला धनी नाही. ज्या जागेला धनी नाही तिला आम्ही बेवारस म्हणतो. बेवारस जागा घ्यायला कुणाची संमती लागत नाही. मग तात्या गुंडाळी झाले काय आणि उताणे पडले काय, सारखंच. पौर्णिमेला पुन्हा येतो. तोवर ताबा सिद्ध करा."

भाऊसाहेब गेल्यावर काट्या कितीतरी वेळ क्षितिजाकडे, म्हणजे चिंचेकडे, बघत राहिला. मग त्याने घोषणा केली, "आजपासून जैसे थे. ज्याच्या ताब्यात जे बीळ आहे ते त्याचं. कायमचं. एकदा ताबा सोडला की तो कायमचा गेला. सरकण बंद!"

तो घरी आला तेव्हा आई बीळ झाडत होती. एका हाताने भिंत धरून, थांबत थांबत.

"आई, झाडू नकोस."

"का रे? परवा-तेरवाकडे दव पडेल. घोरपडीला ओलं बीळ द्यायचं, ते निदान झाडलेलं तरी द्यावं."

"यंदा सरकण नाही."

आईचा हात थांबला. "किती दिवस?"

"निकाल लागेपर्यंत."

"तो कधी लागणार?"

"आई, स्वातंत्र्याला तारीख नसते."

"उन्हाला असते रे," आई म्हणाली. मग तिने पुन्हा झाडायला घेतलं. "झाडलेलं असू दे. आपल्यालाच राहायचंय म्हणून काय झालं."

काट्याला गलबलून आलं. मोठ्या लढ्यांच्या इतिहासात अशा आया असतातच, असं त्याला वाटलं. ती आई आपली आहे याचा त्याला अभिमानही वाटला. तिला दुसऱ्या एखाद्या बिळात हलवावं, हे मात्र सुचलं नाही.

त्याने प्रत्येक घराला आपले बारा-बारा काटे उपटून दिले. हद्दीला रोवण्यासाठी. प्रत्येक दारावर पान लावलं, 'हे बीळ अमुक यांचे. कायमचे.' पाठ जवळजवळ उघडी पडली. थंडी वाजू लागली. पण त्याला ते भूषण वाटलं.

पहिले दोन दिवस सगळे त्या पानांना हसले. तिसऱ्या दिवशी सशीणकाकू आपल्या दारासमोर उभी राहून ते पान मोठ्याने वाचताना दिसली. चौथ्या दिवशी तिने ते दुसऱ्यांदा वाचलं आणि सगळे काटे वीतभर पुढे सरकवून रोवले.

तिथून सुरुवात झाली. सशांच्या मागच्या वाटेचं तोंड मावशीच्या हद्दीत उघडत होतं. ते मावशीने बुजवलं. अळंबी एकाच्या हद्दीत उगवली आणि तिची छत्री दुसऱ्याच्या हद्दीत पसरली. यावर दोन भाऊ आठ दिवस बोलले नाहीत. बापूंनी चिंचेखाली काट्यांचं दुहेरी कुंपण घातलं आणि पडलेल्या चिंचा आपल्याच, असं जाहीर केलं. चिंचेची सावली संध्याकाळी शेजारी पडायची. तीही आपलीच म्हणाले.

दव पडलं. कुणी सरकलं नाही.

पौर्णिमेला भाऊसाहेब आले. टेकाडाभोवती एक फेरी मारून ते थक्क झाले. "सिद्ध! बारा बिळं, बारा धनी, बारा हद्दी. शल्यकराव, जागा बेवारस नाही, हे मला मान्य करावं लागेल."

"म्हणजे सामिलीकरण अवैध!" काट्याने उडी मारली.

"तसंच दिसतंय. आता एकच गोष्ट राहिली. मी इथे महिनाभर मुक्काम करणार. या बारा घरांनी महाराजांचा अधिकार कधी मानला नाही, एवढं दिसलं की झालं. बाराही घरांनी मानला, तर वादच संपला. पण एक घर जरी अडून राहिलं, तरी तुमचा दावा जिवंत."

काट्याला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्याच दिवशी सशीणकाकू भाऊसाहेबांपुढे उभी होती. "भाऊसाहेब, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हीच सांगा. वाट बुजवते म्हणजे काय?"

"सांगतो की. पण अर्ज लागेल. पहिली ओळ ठरलेली आहे. 'मी, महाराजांच्या राज्याचा रहिवासी, अर्ज करतो की...' पुढचं तुमच्या मनाने सांगा."

काट्या ओरडला, "काकू, ही ओळ लिहू नका! या ओळीतच सगळं आहे!"

"अरे, तू ओळीचं काय घेऊन बसलास! माझी पोरं आत कोंडली आहेत!"

काकूने अर्ज दिला. तिच्याविरुद्ध मावशीने दिला. अळंबीवाल्या भावांनी दोन दिले. पंधरा दिवसांत दहा घरांचे अर्ज झाले. अकरावा विसाव्या दिवशी तात्यांनी दिला. त्यांना फक्त शांतता हवी होती, पण तिलाही पहिली ओळ तीच होती. बापूंनी तर सावलीसाठी कधीच दिला होता.

उरलं एक घर.

काट्या ओढ्याकडच्या बिळाच्या दारात बसून राहायचा. 'जोवर मी आहे, तोवर टेकाड स्वतंत्र आहे,' असं तो स्वतःशी म्हणायचा. आत आई खोकायची. एके सकाळी तिने हाक मारली नाही. तो आत गेला तर ती कुशीवर पडली होती. जमीन ओली होती आणि तिचं अंग तापलेलं होतं.

तो धावत बापूंकडे गेला.

"बापू, आईला चार दिवस उन्हात राहू द्या. यंदा नंबर तिचाच होता."

बापू कुंपणाच्या आत उभे होते. ते वाईट नव्हते, मुलांनो. त्यांचा चेहरा पडला होता. "काट्या, मला काय कळत नाही? पण तूच म्हणालास ना, एकदा ताबा सोडला की तो कायमचा जातो? मी चार दिवस बाहेर पडलो आणि भाऊसाहेबांनी बेवारस म्हणून लिहिलं, तर?"

"पण हे बीळ तुमचं नाही हो, बापू!"

"पान तूच लावलंस. अक्षरही तुझंच आहे."

काट्या तात्यांकडे गेला. "तात्या, तुम्ही वडीलधारे आहात. चला, बापूंना सांगा."

तात्या बाहेर आले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, लांबून बघणाऱ्या बापूंकडे पाहिलं, आणि जागच्या जागी गुंडाळी झाले.

"तात्यांची हरकत दिसत नाही," बापू हळूच म्हणाले.

काट्या तिथून निघाला. भाऊसाहेब चिंचेच्या मुळाशी बसून पानं लावत होते. त्यांनी एक कोरं पान पुढे केलं.

काट्याने पाठीला हात लावला. फारसे काटे उरले नव्हते. त्याने एक उपटला. पहिल्या ओळीशी हात अडला. विद्यारण्यात त्या म्हाताऱ्या कासवाने सांगितलं होतं, की भूमी कधी लढाईत जात नाही, ती सहीने जाते. तेव्हा काट्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

बिळातून खोकल्याचा आवाज आला.

त्याने ओळ लिहिली. खाली सही केली, 'शल्यक'. मग ती खोडून 'काट्या' अशी केली.

"झालं," भाऊसाहेब म्हणाले. "बारा पूर्ण. मुख्य दाव्याचं पान मी आता दप्तराच्या तळाशी ठेवतो."

निकाल दोनच दिवसांत आला. वाघाने एका ओळीत दिला होता. भाऊसाहेबांनी तो वाचला, "आजारी आई उन्हात हवी, यात विचारायचं काय? मुंगसाने ओढ्याकडे जावे, साळिंदरिणीने चिंचेखाली. कायमचे."

न्याय झाला होता. तोही झटपट. काट्याला वाघाचा राग करायचा होता. पण त्याला कारण सापडेना.

आईला चिंचेखाली आणलं. ऊन मिळालं तसा आठवड्याभरात ताप उतरला, खोकला कमी झाला. ती दारात बसू लागली. एका सकाळी तिने कान टवकारले. ओढ्याकडून खोकल्याचा आवाज येत होता.

"कोण रे?"

"बापू."

"त्याला वर बोलाव. इथे दोघांपुरतं ऊन आहे."

"तसं येता येत नाही, आई. त्याची हद्द वेगळी, आपली वेगळी."

"बरं, मग पुढच्या दवाला येईल."

काट्याने दारावरचं पान सरळ केलं.

"पुढच्या दवाला येईल ना?" आईने विचारलं. "आणि घोरपड? ती कुठे जाईल? आणि मी?"

"तू इथेच. हे आता तुझं आहे."

आईने दारातल्या उन्हाकडे पाहिलं. जणू कुणीतरी तिला ओळखीची वस्तू अनोळखी करून दिली होती. "मला कशाला हवंय रे कायमचं? मला एक हिवाळा पुरे होता." मग ती म्हणाली, "आपण सरकायचो तेव्हा कुणाला विचारायचो?"

"कुणालाच नाही."

"मग तेव्हा आपण कुणाच्या राज्यात होतो?"

या प्रश्नाचं उत्तर विद्यारण्यात शिकवलं नव्हतं. निदान काट्याला तरी आठवेना.

भाऊसाहेब शेजारीच बसले होते. ते आता टेकाडावरच राहत. त्यांनी घसा साफ केला. "वहिनी, मुंगसाला दुपारपुरतं तुमच्या दारात बसू द्यायचं असेल, तर तशी सोय आहे. अर्ज करावा लागेल."

"काय ते कर बाबा," आई काट्याला म्हणाली. "पण त्याला वर आण."

काट्याने पळसाचं पान ओढलं आणि पाठीवरचा काटा उपटला. भाऊसाहेब पहिली ओळ सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या लक्षात आलं की सांगायची गरज नाही. काट्याने ती लिहून टाकली होती. अक्षर सुंदर होतं. शेवटी विद्यारण्यात पहिला आलेला होता तो.

तात्पर्य : अन्यायाविरुद्ध आवाज जरूर उठवावा. मात्र अन्याय करणाऱ्याला तो आठवत नसेल, तर त्याला नक्कल पुरवू नये. आणि तेवढंही जमत नसेल, तर आधी आईला उन्हात हलवावे, मग क्षितिजाकडे बघावे.